तुटलेला दात

“एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणजे आत काही नाही.” अर्जंट केअरमधल्या डॉक्टरांचं हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तडकतं.

आम्ही ओहायोत राहतो. मुलाने बॉल पायथन पाळला आहे. पश्चिम आफ्रिकेतला, बिनविषारी साप. मुलगा कॉलेजला गेला आणि साप माझ्या गळ्यात पडला. जनावर काचेच्या पेटीत कोंडण्याला माझा पहिल्यापासून विरोध. भारतात १९७२च्या कायद्याने आपले साप पाळता येत नाहीत, ते मला योग्यच वाटतं.

एका संध्याकाळी गोठवलेला उंदीर कोमट करून मी लांब चिमट्याने सापापुढे धरला. त्याने तो सोडून माझं मनगट पकडलं. या सापांना ओठांवरच्या खळग्यांनी ऊब कळते, आणि उंदरापेक्षा माझा हात गरम होता. घाबरून चावला असता तर लगेच सुटला असता. हा भक्ष्य समजून चावलेला, त्यामुळे त्याने हाताला विळखाही घातला. दात मागे वळलेले असतात, ओढायचं नाही, हे मुलाने बजावून ठेवलं होतं. मी हात गार पाण्याच्या नळाखाली धरला. सुटताना त्याने मान झटकली.

अर्जंट केअरमधल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, विषारी का? नाही म्हटल्यावर त्यांचं लक्षच उडालं. मी सांगत होते, वरच्या जबड्यात दातांच्या चार रांगा असतात, खाली दोन. सुईसारखे दात, सहज तुटतात, सापाला जन्मभर नवे येत राहतात. या एका जागी दाबलं की टोचतं, इथे बोट लावून बघा. त्यांनी बोट लावलं नाही. एवढंच करायचं होतं हो! धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिक दिलं, ते बरोबरच. पण एवढा बारीक दात एक्स-रेत दिसेलच असं नसतं. सोनोग्राफी करता आली असती. त्याऐवजी मला साप पाळण्यावर भाषण ऐकावं लागलं, जणू दुखणं ही त्याची शिक्षाच. माणूस स्वतःच्या हाताबद्दल काही सांगतो तेव्हा ते ऐकून घ्यायला कितीसा वेळ लागतो?

बाकीच्या जखमा भरल्या. ती एक लाल, टणक राहिली. काही आठवड्यांनी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिथे बोट फिरवलं, छोटासा छेद घेतला आणि पारदर्शक, वाकडा दात चिमट्याने बाहेर काढला. मी तिथेच रडले.

कुणाला असं झालं तर आधी साबणाने भरपूर धुवा, सापाच्या तोंडात साल्मोनेला असू शकतो. सुईने घरी टोकरत बसू नका. आणि टोचतंय म्हणून सांगितल्यावर कुणी उडवून लावलं, तर दुसरा डॉक्टर गाठा.

ओळखीचे सगळे म्हणाले, तो साप आधी घालव. आई मूळची नागपंचमीच्या शिराळ्याची, तिने मात्र फोनवर विचारलं, “अगं, हिसका नाही ना दिलास? त्याचा जबडा फाटला असता.” मुलगाही म्हणाला, “आई, देऊन टाकतो कुणाला तरी.” मीच नको म्हटलं. पेटीत जनावर ठेवू नये हे माझं मत आजही तेच आहे, पण हे साप तीस-तीस वर्षं जगतात. तो कुणाच्या हातात पडेल, काय सांगावं? उंदीर अजूनही मीच देते, फक्त कोपरापर्यंत जाड हातमोजा चढवून.