कमरेची कड

कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की तळव्याखाली एक टणक, कमानदार कड लागते. आई मुलाला घेते ती याच कडेच्या आधाराने. पाण्याची कळशीही इथेच टेकते. अस्थिरोगतज्ज्ञ तिला इलियाक क्रेस्ट म्हणतात. नातेवाइकांना समजावताना मात्र ‘कमरेचं हाड काढून लावू’ एवढंच सांगतात. शरीरात कुठेही हाड कमी पडलं की त्यांची पहिली नजर हिच्याकडे वळते.

वरून ती कठोर. पातळ कवच उघडलं की आत मज्जेने भिजलेलं लालसर, जाळीदार हाड. तिची श्रीमंती या जाळीत आहे. न जुळलेल्या हाडाला तीन गोष्टी हव्या असतात: हाड घडवणाऱ्या जिवंत पेशी, त्यांना कामाला लावणारे रासायनिक संकेत आणि नव्या हाडाला चढण्यासाठी मांडव. ही कड तिन्ही एकाच मुठीत देते. कृत्रिम हाडाचा चुरा मांडव देतो, पेशी देत नाही. हिचं देणं जिवंत असतं, म्हणून सर्जन ते टेबलावर सुकू देत नाहीत. ओलं ठेवतात आणि लवकरात लवकर जागेवर बसवतात.

अपघातात नडगीचा तुकडाच गमावला असेल, दोन मणके एकमेकांना कायमचे सांधायचे असतील, तर हीच कामी येते. जन्मतः हिरडी दुभंगलेल्या मुलाच्या हिरडीतली फट साधारण ८ ते ११ वर्षांच्या वयात हिच्याच हाडाने भरतात आणि कायमच्या सुळ्याला उतरायला जागा होते.

पण तिचा साठा अमर्याद नाही. पुढून थोडं मिळतं. मागून जास्त, मात्र त्यासाठी पेशंटला पालथं झोपवावं लागतं. पुढच्या टोकापासून सुमारे ३ सेंमी अंतर राखावं लागतं. लोभाने अगदी टोकाशी गेलं तर ते टोक मोडू शकतं, आणि जवळून जाणारी नस दुखावली तर मांडीची बाहेरची बाजू बधिर होते.

तिच्या जोडीला आणखी दाते आहेत. मांडीच्या हाडाची पोकळी आतून खरवडत, धुवत, तो कीस गाळून घेण्याचं तंत्र आता आहे. कीस भरपूर मिळतो, दुखणंही बहुधा कमी. पण रक्त अधिक जाऊ शकतं, आणि भिंत पातळ झाली तर ते हाडच मोडण्याची भीती. नडगीचा वरचा भाग थोडकंच देतो, फार त्रास न देता. नडगीशेजारच्या बारीक हाडाचा, फिब्युलाचा, स्वभाव निराळा. शरीराचा बहुतेक भार नडगी पेलते, म्हणून घोट्याजवळचा भाग राखून फिब्युलाचा लांब, सलग तुकडा रक्तवाहिनीसकट उचलता येतो. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे सर्जन इयन टेलर यांनी असं रोपण प्रसिद्ध केलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन हिडाल्गो यांनी फिब्युलातून खालचा जबडा घडवल्याचं मांडलं. तंबाखूपायी जबडा गमावलेल्या आपल्याकडच्या कितीतरी माणसांना आज ती पुन्हा चेहरा देते.

तरीही शेजारधर्म कमरेच्या कडेनेच जास्त पाळला आहे. त्याची किंमतही तीच मोजते. ‘पाय बरा आहे डॉक्टर, कंबर दुखतेय,’ असं पेशंट सांगतात, आणि काहींचं ते दुखणं महिनोन्महिने रेंगाळतं. एक्स-रे पायाचा निघतो, चर्चा पायाची होते. हे मला अन्याय्य वाटतं. मोठी पोकळी भरायची असेल तर मांडीचा विचार व्हावा, लांब तुकडा हवा असेल तर फिब्युलाचा, थोडक्यात भागत असेल तर नडगीचा. कमरेकडे जायचंच ठरलं तर पेशंटला तिथल्या दुखण्याची आधीच स्पष्ट कल्पना द्यावी, गरजेपुरतंच घ्यावं आणि प्रत्येक तपासणीत तिचीही विचारपूस करावी. हाड जुळलं म्हणजे उपचार यशस्वी झाला, असं म्हणण्यापूर्वी ज्याने दिलं तेही बरं झालेलं असावं.