पाण्याखालचे खाते

आमच्या कशेडीला सगळे काही आहे. समुद्र तेवढा नाही. घाट आहे, घाटात गाडी लागणारी माणसे आहेत, त्यांच्यासाठी खिशात लिंबू बाळगणारी माणसे आहेत. आता बोगदा झाल्यापासून लिंबाचा खप कमी झाला, एवढेच. पावसाळ्यात तर पाणी इतके की छत्री ही वस्तू केवळ लोकलाजेस्तव उघडायची. पण हे सगळे पाणी वरून येते. पोलादपूरच्या अंगाला पडले की सावित्रीला मिळते, महाडवरून वाहत बाणकोटला जाते, आणि पुढे त्याचे काय होते याची चौकशी आमच्याकडे कोणी करत नाही. पुढचे खाते दुसऱ्या शाखेचे!

विहिरीत कळशी पडली तर आमचा माणूस आधी गळ टाकतो. गळाने दाद दिली नाही, तर बुडी मारणाऱ्याला निरोप धाडतो. हा बुडी मारणारा गावात एकच असतो. तो येतो, विडी विझवून कठड्यावर ठेवतो, नाक दाबतो, आत जातो आणि मिनिटभरात कळशीसकट वर येऊन उरलेली विडी पेटवतो. त्याला चहा द्यायचा. खोल पाण्याशी आमचा संबंध इथे संपतो.

अशा गावातला एक मुलगा कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावाजवळ महिन्यातल्या एखाद्या रविवारी, पाठीवर हवेची टाकी बांधून, बारा-तेरा अंशांच्या थंडगार पाण्यात स्वखुशीने आणि पदरचे पैसे खर्चून उतरतो. तेही कळशी पडलेली नसताना! हा मुलगा माझा सख्खा भाचा.

मालवणला जाऊन अर्धा तास मासे बघून आला होता, तेव्हा ताईने काही म्हटले नव्हते. तिथले पाणी कोमट, शिवाय येताना मालवणी खाजे आणले होते. पण कार्मेलचे फोटो आले आणि ताईने मला बोलावून घेतले.

"तू बँकेत आहेस. बारीक अक्षर वाचायची सवय आहे तुला. त्याची ती पुस्तकं वाच आणि मला एका शब्दात सांग, जाऊ देऊ की नको."

बँकेतला माणूस म्हणजे सर्व छापील मजकुराचा अधिकृत वाचक, असा आमच्या घराण्यात समज आहे. पत्रिकेपासून मिक्सरच्या गॅरंटी कार्डापर्यंत सारे माझ्याकडे येते. आता पाणबुड्यांचे शास्त्र आले. मी बी.कॉम. Physics शी म्हणजे पदार्थविज्ञानाशी माझी ताटातूट दहावीलाच झाली, आणि दोघांनाही तिचे वाईट वाटले नाही. तरी बसलो वाचायला.

आणि काय सांगू! दहाव्या पानावर मला घरच्यासारखे वाटू लागले. हे शास्त्र कोणी पाणबुड्याने लिहिलेले नाहीच. एखाद्या कडक हेड कॅशियरने लिहिले आहे.

पहिली गोष्ट दाबाची. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना कानाला दडे बसतात, हे आपल्याला ठाऊक आहे. तेराशेच्या आसपास मीटरची ती चढण. तेवढ्यात हवेचा दाब साधारण सातवा हिस्सा कमी होतो. पाण्यात तेवढाच फरक पडायला किती खोल जावे लागते? फक्त दीड मीटर! म्हणजे माझ्या गळ्याइतक्या पाण्यात बुडी मारली की अख्खा आंबेनळी घाट उतरून झाला. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. आणि दाब दुप्पट झाला की टाकीतली हवाही दुप्पट वेगाने संपते. पगार तोच, पण मुंबईत बदली झाली म्हणजे जे होते तेच.

दुसरी गोष्ट शिल्लकेची. टाकीत हवेचा दाब सुमारे दोनशे असतो आणि वर येताना पन्नास तरी शिल्लक हवा. मिनिमम बॅलन्स! फरक इतकाच की आम्ही शिल्लक मोडणाऱ्याला दंड लावतो. समुद्र खातेच बंद करतो.

तिसरी गोष्ट मला फारच आवडली. खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन रक्तात मुरत जातो. ती सक्तीची मुदत ठेव समजा. ती मुदतीआधी एकदम मोडायची नाही. भराभर वर आलात तर गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर येतात तसे बुडबुडे अंगात उठतात. म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचे नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे नुसते थांबायचे. श्वास मात्र क्षणभरही कोंडायचा नाही, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगत जाते. आमच्या गावच्या बुडी मारणाऱ्याचे सारे भांडवल म्हणजे कोंडलेला श्वास. झाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली पाठीवरच्या टाकीतून हवी तेवढीच हवा देणारे यंत्र तयार केले आणि ते भांडवलच बाद ठरवले.

चौथी गोष्ट जोडीदाराची. एकट्याने उतरायचे नाही. दोघांनी एकमेकांचे पट्टे, बकले, हवा तपासायची. एकाची हवा बंद पडली तर दुसऱ्याकडे जास्तीची नळी असते. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे आणि एक कॅशियरकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. मी तर म्हणेन, दोन माणसांचा एकमेकांवर इतका विश्वास आणि इतका अविश्वास एकाच वेळी फक्त या दोनच धंद्यांत आढळतो.

गणपतीला भाचा आला तेव्हा तो त्याचा पोशाख बरोबर घेऊन आला. काळ्या रबराचा, सात मिलिमीटर जाड. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने पळवते, म्हणून हा बंदोबस्त. अभ्यासाचा भाग म्हणून मी तो चढवून पाहिला. चढवायला भाचा आणि भावोजी लागले. उतरवायला शेजारचे दोघे बोलवावे लागले. मधल्या वेळात आरतीला आलेल्या एका आजींनी मला लांबूनच नमस्कार केला. आणि हे सगळे घातल्यावर माणूस तरंगतो, म्हणून बुडण्यासाठी कमरेला दहा-बारा किलो शिसे बांधायचे! आधी तरंगण्याचा खर्च, मग बुडण्याचा. असे खर्च फक्त सरकारी योजनेत पाहिले होते.

"तिथे मगरी आहेत का रे?" ताईने विचारले. महाडची सावित्री मगरींसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा प्रश्न रास्त होता.

"मगरी नाहीत," मी म्हणालो. विचारले तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे, हा ऑडिटच्या दिवसांतला माझा नियम आहे. तिने शार्कबद्दल विचारले नव्हते.

तिथल्या एका किनाऱ्याचे नाव मोनॅस्टरी बीच. रस्त्यापलीकडे कार्मेलाइट नन्सचा मठ आहे, म्हणून. जाड रेती, तीव्र उतार, आणि काठाजवळच पाण्याखाली खोल दरी. लाट अचानक उठते आणि पाय ओढून नेते. बाहेर येताना उभे राहायचे नाही. तोंडातली नळी तोंडातच ठेवून दोन्ही हातांवर-गुडघ्यांवर रांगत यायचे. चांगले शिकलेसवरलेले लोक समुद्रातून रांगत बाहेर येतात! पाणबुडे त्या किनाऱ्याला थट्टेने काय म्हणतात ते मी ताईला सांगितले नाही. 'शवागार' हा शब्द गणपतीच्या दिवसांत बरा नव्हे.

जवळच पॉइंट लोबोस आहे. तिथला समुद्र १९६० सालापासून राखीव. आगाऊ नोंदणी करावी लागते, ठरावीकच जोड्या सोडतात. पाण्याखाली केल्प नावाच्या शेवाळाचे रान आहे, माडाएवढे उंच. ते दिवसाला फूटभरही वाढते. भाचा सांगत होता, "मामा, वरून ऊन झिरपतं ना, तेव्हा आपल्या देवराईत उभं राहिल्यासारखं वाटतं. फक्त पाखरांच्या जागी मासे."

"पण तुला हे सुचलं कुठून?" मी विचारले.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सावित्रीच्या काठावर."

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या गेल्या, खासगी मोटार गेली. आमच्या भागात ती तारीख पंचांग न बघता सांगतात. भाचा तेव्हा बारावीला होता. काठावरच्या गर्दीत तोही उभा होता. नौदलाचे पाणबुडे आले होते. वरून पाऊस, खाली गढूळ पाणी, नदीला भयंकर ओढ. क्रेनला लोहचुंबक बांधून नदीत सोडत होते. पाण्यात हात दिसत नव्हता, आणि तरी ती माणसे उतरत होती.

"सगळे नदीपासून लांब सरकत होते, मामा. ते एकटेच तिच्यात जात होते. दुसऱ्यांच्या माणसांसाठी."

ताई दारात उभी होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला, पण एस.टी. पुलावर आली की ताई अजून पदराचे टोक मुठीत धरते. त्या पाण्याकडे बघून आईने एक गोष्ट मनात ठरवली होती आणि त्याच पाण्याकडे बघून मुलाने दुसरी. नऊ-दहा वर्षे दोघे एका घरात त्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते.

ती आत येऊन बसली. मी दाब, शिल्लक, मुदत ठेव हे सगळे सांगायला तयार होतो. तिने मला हातानेच थांबवले. तिचा प्रश्न माझ्या एकाही पुस्तकात नव्हता.

"परत फिरायला येतं का तुला?"

"म्हणजे?"

"म्हणजे एवढं लांब गेलास, पैसे भरलेस, ते रबर चढवलंस, आणि पाणी बरं दिसलं नाही. तर परत फिरतोस का? की चारचौघांत लाज वाटते?"

भाचा हसला. म्हणाला, "आई, तिथे आधी काठावर बसून लाटा बघायच्या असतात. आणि दोघांपैकी कोणीही, कधीही, कारण न सांगता 'नको' म्हणू शकतो. दुसऱ्याने 'का' विचारायचं नाही. मोनॅस्टरीला मी तीनदा गेलो. दोनदा पाण्याला पाय न लावता परत आलो."

कारण न सांगता 'नको' म्हणण्याचा अधिकार! मला तर एकदम नोकरी सोडून पाणबुड्या व्हावेसे वाटले. पण ताई गंभीर होती. तिने 'दोनदा' हा शब्द मनातल्या मनात मोजून घेतला.

"मग जा," ती म्हणाली. "पण वर आलास की पावती पाठवायची."

मी आठवडाभर शंभर-सव्वाशे पाने वाचली होती. माझा एका शब्दाचा अहवाल मला कोणी विचारलाही नाही. भावोजींनी मात्र सात्त्विक समाधानासाठी मला एक उकडीचा मोदक जास्त वाढला.

आता ज्या रविवारी तो पाण्यात असतो, त्या रात्री कशेडीला ताई जागी असते. तिकडे सकाळचे दहा, इकडे रात्रीचे साडेदहा. फोन वाजतो. दोनच शब्द असतात, 'वर आलो'. ताई चष्मा लावून एकेक अक्षर शोधत उलट लिहिते, 'डोकं कोरडं कर.' मग ती दिवा मालवते आणि मला फोन करून सांगते की रोकड जुळली, झोप आता.