श्वेत्झिंगेनची मशीद, हायडेलबर्गचा पूल

डिसेंबरात जर्मनीचा दिवस फार लहान असतो. सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मगरिब. त्यामुळे एका दिवसासाठी आम्ही जवळजवळची दोनच गावे निवडली. थोरला मुलगा मानहाइमला शिकतो. त्याला भेटायला आम्ही दोघे, अम्मी आणि धाकटी मुलगी असे कोकणातून गेलो होतो.

सकाळी श्वेत्झिंगेनच्या राजवाड्याची बाग पाहिली. पाने झडलेल्या झाडांमागे तळे, आणि तळ्यापलीकडे घुमट व दोन मिनार! अम्मींनी लगेच ओढणी सारखी केली. तिथला राज्यकर्ता कार्ल थिओडोर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस निकोला द पिगाज या वास्तुकाराकडून ही मशीद बांधून घेतली. भिंतींवर अरबीत सुविचार आहेत, सोबत त्यांचा जर्मन अर्थही. मात्र ती नमाजसाठी बांधलेली नव्हती. त्या काळी युरोपच्या दरबारांना पूर्वेकडील गोष्टींचे मोठे आकर्षण होते. बागेत जशी रोमन देवतांची मंदिरे, तशीच ही मशीद.

"इथे अजान होत नाही, मग ही मशीद कशी?" धाकटीने विचारले.

अम्मी म्हणाल्या, "बेटी, बांधणाऱ्याने सुंदर बांधली. पण मशीद आबाद होते ती सजदा करणाऱ्यांमुळे."

जुहरला आम्ही हायडेलबर्गमधल्या एका तुर्की मशिदीत पोहोचलो. बाहेरून साधी इमारत, ना घुमट ना मिनार. आत मात्र कामावरून धावत आलेल्या माणसांनी सफा भरलेल्या. आम्हाला आमच्या गावची कौलारू मशीद आठवली. निम्मी घरे मुंबईला आणि आखातात गेली, फजरला एक सफही भरत नाही. अम्मींचे बोल आम्हालाही लागू होते.

पुढे तुर्की दुकानात मसूरच्या डाळीचे गरम सूप घेतले आणि जुने शहर पाहायला निघालो. इथले विद्यापीठ १३८६ सालचे, आजच्या जर्मनीतले सर्वांत जुने. टेकडीवरचा लाल दगडाचा किल्ला फ्रेंच फौजांनी १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला, तो आजही भग्नच आहे. नेकर नदीवरचा जुना दगडी पूल १७८८ चा, त्याच कार्ल थिओडोरच्या काळातला.

याच गावी १९०७ मध्ये अल्लामा इक्बाल जर्मन शिकायला आले होते. नेकरकाठच्या निःशब्द संध्याकाळीवर त्यांनी 'एक शाम' ही नज्म लिहिली. नदीकाठच्या एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. त्या रस्त्यावर मुलगा म्हणाला, "अब्बा, पहिल्या थंडीत मला फार एकटं वाटायचं. मग मी इथे येऊन बसायचो." फोनवर तो हे कधी बोलला नव्हता. अम्मींनी आपली शाल त्याच्या खांद्यावर टाकली.

मुले परदेशी असतील, तर हिवाळ्यात एकदा तरी जाऊन या. जानमाज आणि जाड मोजे बरोबर घ्या, नमाजच्या वेळा आधी पाहून ठेवा, मुसाफिराला कसरची सवलत आहेच. आणि मुलांना विचारा, एकटं वाटतं तेव्हा तुम्ही कुठे जाऊन बसता?