चवदार तळं, पाण्याचा ड्रम आणि प्लेटलेट



गेल्या ऑगस्टमध्ये धाकट्या भावाला ताप भरला. तो चाकणला ठेकेदाराकडे कामाला. "दादा, खाडा झाला तर हजेरी बोनस जाईल," म्हणत मेडिकलमधली अंगदुखीची गोळी खाऊन त्याने तीन शिफ्ट काढल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला. आई खूश झाली. त्याच रात्री हिरड्यांतून रक्त आलं. रिपोर्ट आला: डेंग्यू, प्लेटलेट 22 हजार.

प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. हाडांच्या मगजात तयार होतात, आठ-दहा दिवस जगतात. एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असाव्या लागतात. डेंग्यूत मगजाचं काम मंदावतं आणि तयार पेशीही नष्ट होतात. ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापात पॅरासिटामॉलच, तीही डॉक्टरांना विचारून.

पण हा आजार फक्त डासाचा आहे का? डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 पासून एक दिवसाआड पाणी येतं. ज्याच्याकडे मोठी टाकी, त्याला फरक पडत नाही. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत उघडा ड्रम असतो. 1927 ला महाडला बाबासाहेबांनी पाण्यावरचा हक्क मागितला. तो हक्क आजही ड्रमाशी येऊन अडतो.

भावाच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात होते, पण कार्ड त्याने कधी पाहिलंच नव्हतं. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1944 मध्ये, प्रा. अडारकरांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल आला आणि पुढे 1948 चा ईएसआय कायदा झाला. अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. हे माहीत असतं तर पोराने तापात शिफ्ट केली असती का?

दुसऱ्या दिवशी आकडा 9 हजारांवर आला. डॉक्टरांनी प्लेटलेट मागितल्या. मी मंडळाच्या पोरांना फोन लावले. 14 एप्रिलला आपण दणक्यात रक्तदान केलं होतं, पण प्लेटलेटची पिशवी फक्त पाच दिवस टिकते. एप्रिलचं दान ऑगस्टला कसं पुरणार? शेवटी एक मित्र रात्रपाळी सोडून आला, दीड तास मशीनवर पडून राहिला. भाऊ वाचला. मित्राचा मात्र खाडा लागला.

म्हणून मित्रांनो, जयंतीचं शिबिर जरूर घ्या, पण जुलै ते नोव्हेंबर दर आठवड्याला कोण प्लेटलेट देणार याची यादी विहारात लावा. आठवड्यातून एकदा वस्तीतले ड्रम रिकामे करून घासा, झाका. आणि प्रत्येक ठेका कामगाराला त्याचा ईएसआय नंबर विचारा. नसेल तर तिथून संघर्ष सुरू करा.

शिका, संघटित व्हा, यात स्वतःचा रक्ताचा रिपोर्ट वाचायला शिकणंही आलं.

जय भीम, जय संविधान.