जिभाऊंचा चाळीसचा काटा

शिंदखेडा

ती. स्व. जिभाऊ यांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. कापसाच्या भावाची चौकशी दोन ओळींत आणि चांदवडजवळच्या त्या ट्रकवाल्यावर दीड पान! राग अजून उतरलेला दिसत नाही. ‘इतकं हळू चालवायला कायद्यानं बंदी आहे,’ असं तो खिडकीतून ओरडला, आणि पुतण्या वकील म्हणून तुम्ही मला विचारता की खरंच तशी बंदी आहे का.

तो अगदीच खोटं बोलला नाही, जिभाऊ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२ काढून पाहिलं. ठरलेल्या कमाल वेगापेक्षा जास्त आणि ठरलेल्या किमान वेगापेक्षा कमी, दोन्हींना त्यात मनाई आहे. दंडाचं कलमही एकच, १८३. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटारीला एक ते दोन हजार. मात्र वेग आधी ‘ठरलेला’ हवा. कमाल वेगाचे आकडे केंद्रानं एप्रिल २०१८मध्ये जाहीर केले: दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटर, मालट्रकला ८०. किमान वेग ठरवायचा तर तसं जाहीर करून रस्त्यावर पाटी लावावी लागते. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकपासून नरडाण्यापर्यंत तशी पाटी मला तरी कधी दिसली नाही. लाल कड्यातले आकडे सगळे कमालचेच. तेव्हा नुसत्या चाळीसनं जाण्याबद्दल तुम्हाला कोणी पावती फाडू शकत नाही.

एवढं वाचून पत्र लगेच काकूंना दाखवायला उठू नका. अजून संपलेलं नाही.

तुम्ही चाळीसनं जाता ते दुभाजकाला चिकटून. मी मागच्या सीटवर बसून पाहिलेलं आहे. २०१७च्या वाहनचालन विनियमांप्रमाणे हळू जाणाऱ्यानं डावीकडे राहायचं असतं, आणि विनियम मोडल्याचा दंड कलम १७७ ए खाली पाचशे ते हजार. ट्रकवाल्याला कलम चुकीचं आठवलं, त्याचा राग चुकीचा नव्हता. त्याच्या गाडीला वेगनियंत्रक असतो, ऐंशीच्या वर ती जातच नाही. उजवी लेन तुम्ही धरली की त्याला तुमच्या डावीकडून काढावी लागते, आणि उंच केबिनमधून डावी बाजू त्याला धड दिसत नाही. मागून शंभरनं मोटार येत असेल तर दोघांच्या वेगात साठचा फरक. शंभर मीटरचं अंतर सहा सेकंदांत संपतं. तुमचं ‘काय घाई शे?’ म्हणून होईपर्यंत ती गाडी तुमच्या डिकीजवळ आलेली असते.

हळू म्हणजे सुरक्षित, हे तुमचं ठाम मत. डेव्हिड सॉलोमन नावाच्या माणसानं अमेरिकेतल्या ग्रामीण महामार्गांवरचे अपघात तपासून १९६४ साली अहवाल दिला. सरासरीपेक्षा फार जोरात जाणारे जसे अपघातात सापडले, तसेच फार हळू जाणारेही सापडले. हळू चालवणाऱ्यांना झोडपायला लोक आजही तो अहवाल काढतात. पण पुढे इतरांनी खोदून पाहिलं, तर त्या ‘हळू’ गाड्यांतल्या पुष्कळशा वळत होत्या, नाहीतर आडरस्त्यावरून नुकत्याच महामार्गावर येत होत्या. त्या वगळल्या की हळू जाणाऱ्यांचा धोका बराच खाली येतो. मला हे वाचून नरडाण्याचा फाटाच आठवला. आपल्याकडे हळू वाहन म्हणजे दुसरं काय असतं? शेतातून निघालेलं, जिनिंगला नाहीतर बाजार समितीत चाललेलं, दुभाजकाच्या कटमधून वळणारं.

म्हणूनच किमान वेगाची पाटी आपल्याकडे लावावी असं मला वाटत नाही. कोणी मागणी केलीच तर मी विरोधात उभा राहीन. जर्मनीत ऑटोबानवर जायला गाडीची क्षमताच ताशी साठच्या वर लागते. तिथे ट्रॅक्टरला दुसरा रस्ता आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि रिक्षा प्रवेशाच्या नाक्यावरच अडवतात, तेही समजू शकतो. आग्रा रोडचं तसं नाही. आपल्या लोकांचं अर्धं शेत या बाजूला, अर्धं त्या बाजूला. कापसानं भरलेला ट्रॅक्टर पंचवीस-तीसनं जाणार, त्याला दंड करून तो पन्नासनं पळणार आहे का? त्याच्याकडून मागायचं तर मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर मागावा. अंधारात ट्रॉलीच्या मागे काहीच चमकत नाही, भीती त्याची आहे. अमेरिकेत संथ वाहनांच्या पाठीला नारिंगी त्रिकोण लावतात. ओहायोच्या विद्यापीठात १९६०च्या दशकात निघालेली ती साधी युक्ती आहे, लांबून कळतं की पुढचं वाहन हळू आहे.

राहुड घाटाचंही तसंच. लोड घेऊन खालच्या गिअरमध्ये सरपटत उतरणारा ट्रक शहाणा. तिथे त्याच्यामागे हॉर्न वाजवणारा मूर्ख.

आता तुमची बाजू. डाव्या लेनमध्ये ढाब्यासमोर ट्रक उभे, समोरून राँग साइडनं मोटारसायकल, मग म्हातारा माणूस जाईल कुठे? हे तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही. धोकादायक जागी गाडी उभी करण्याविरुद्ध कलम १२२ आहे, पण रात्री ढाब्यांसमोर ते कुणी उघडत नाही. कॅमेरे जोरात जाणाऱ्याचा फोटो काढतात, उभ्या ट्रकचा नाही. डावी लेन मोकळी न ठेवता ‘डावीकडून चला’ सांगणं हा सरकारी विनोदच आहे. तरीसुद्धा उजवीकडे मुक्काम करू नका. उभा ट्रक लांबून दिसला की आरशात पाहून, इंडिकेटर देऊन बाहेर या, तो ओलांडला की परत आत जा. साठ-सत्तर धरलेत तर त्याहून बरं, तुमच्या गाडीला ते जड नाही.

या खेपेला इकडे येताना नरडाण्यापर्यंत जाऊच नका. सोनगीरला महामार्ग सोडा आणि चिमठाण्यावरून या. त्या रस्त्यावर चाळीसनं तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. निघण्याआधी मागच्या दिव्याची फुटलेली काच तेवढी बदलून घ्या. दोंडाईच्याहून मिरची आणून ठेवतो. किती किलो हवी ते काकूंना विचारून कळवा.

आपला आज्ञाधारक पुतण्या