चौकातला कोपरा

मी सातवीत होतो. मालेगावात रोज सायकलने शाळेत जात असे. एके सकाळी चौकात मी सरळ निघालो आणि शेजारचा ट्रक डावीकडे वळला. मी बाजूला पडलो. सायकलचे चाक ट्रकखाली चिरडले. ड्रायव्हर खाली उतरला. त्याचे हात थरथरत होते. "बेटा, तू मला दिसलाच नाहीस," तो म्हणाला. घरी अब्बा माझ्यावरच रागावले.

आज मी शिक्षक आहे. "सायकल जपून चालवा," असे मुलांना रोज सांगतो. पण तेवढे पुरेसे नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्ते अपघातांत ४०० हून अधिक मुले मरण पावली. तेव्हा आईवडील रस्त्यावर उतरले. हळूहळू तिथले चौक बदलले. आता अनेक चौकांत सायकलींची वाट वेगळी असते. कोपऱ्यावर छोटा उंचवटा असतो. त्याला वळसा घालताना गाडीचा वेग कमी होतो आणि सायकलस्वार ड्रायव्हरच्या नजरेसमोर येतो.

तो ड्रायव्हर खोटे बोलत नव्हता. चूक त्याची नव्हती, माझीही नव्हती, चौकाची होती. मुलांनो, सध्या ट्रकच्या बाजूला थांबू नका, मागे थांबा. पण लक्षात ठेवा, चौक माणसेच बांधतात. माणसेच ते बदलू शकतात.