पाना फिरवायला जागा

साखर कारखान्याच्या वर्षात तीन पूजा ठरलेल्या असतात. गव्हाणीत उसाची मोळी टाकून गळीत हंगाम सुरू होतो, ती सगळ्यांना माहीत आहे; तिचे फोटो पेपरात येतात. तिच्या थोडं आधी बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. आणि या दोन्हींच्या आधी, भर पावसाळ्यात, बाहेर कुणाचं फारसं लक्ष नसताना होतं ते रोलर पूजन. ऑफ सीझनमध्ये मिल खोलून दुरुस्त केलेला रोलर पुन्हा जागेवर बसवायचा असतो. त्याला हार घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात आणि क्रेननं उचलून मिलमध्ये सोडतात.

मला या तिन्हींत रोलर पूजन जास्त आवडतं. बाकीच्या दोन पूजा यंत्र नीट चालावं म्हणून आहेत. ही पूजा यंत्र खोललं होतं म्हणून आहे. दरवर्षी ते खोलावं लागणार, हे इथं सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं.

मी उमरखेडचा. पैनगंगेच्या अलीकडे आमचा यवतमाळ जिल्हा, पलीकडे हदगाव, म्हणजे मराठवाडा. तालुका कापूस-सोयाबीनचा, पण नदी आणि इसापूर धरणाचे कालवे यांच्या जिवावर ऊसही आहे, आणि पोफाळीला वसंत सहकारी साखर कारखाना आहे. माझे बाबा फिटर. ते एका कारखान्याचे कधीच नव्हते. काम नेईल तिथं, आसपासच्या चार-पाच जिल्ह्यांत त्यांनी मिल खोलल्या आणि बसवल्या. म्हणून पुढं जे सांगतोय त्यात कारखान्यांची नावं नाहीत.

मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो आणि आमच्या बॅचच्या कित्येक पोरांसारखा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये लागलो. कॉलेजच्या चार वर्षांत बेअरिंगचं आयुष्य, शाफ्टवरचा ताण, गिअरच्या दात्याची ताकद, सगळं काढायला शिकलो. पण बसवलेला भाग परत बाहेर कसा काढायचा, हा प्रश्न एकाही पेपरात आल्याचं आठवत नाही. तो प्रश्न मला बाबांनी घातला, जेवता जेवता, आणि आजतागायत सोडलेला नाही.

आधी मिल म्हणजे काय ते सांगतो. तीन रोलर, त्रिकोणात बसवलेले: खाली दोन, वर एक. अंगावर खाचा. चाकूंनी तोडून आणि हातोड्यांनी ठेचून तंतू झालेला ऊस आधी वरच्या आणि पुढच्या रोलरमधून पिळला जातो, मग खालच्या ट्रॅश प्लेटवरून सरकत वरच्या आणि मागच्या रोलरमधून. अशा चार ते सहा मिल एका रांगेत. वरचा रोलर जागेवर घट्ट जखडलेला नसतो. त्याच्यावर हायड्रोलिकनं काहीशे टनांचा दाब दिलेला असतो. ऊस जास्त आला किंवा लोखंडाचा तुकडा आत गेला, तर तो थोडा वर उचलतो आणि पुन्हा खाली बसतो. रोलर म्हणजे पोलादी शाफ्टवर गरम करून चढवलेलं बिडाचं जाड कवच. मध्यम कारखान्यात एकेकाचं वजन आठ-दहा टनांच्या घरात जातं.

हंगामभरात खाचा झिजतात, गनमेटलची बेअरिंग झिजतात, ट्रॅश प्लेट झिजते. म्हणून पावसाळ्यात सगळं बाहेर. रोलर लेथवर जातो, नव्या खाचा पडतात, कवच फारच बारीक झालं असेल तर नवं चढतं. दरवर्षी हेच करायचं असल्यामुळे जुन्या डिझायनरांनी मिलची चौकटच तशी केली. बाजूच्या कॅप काढल्या की खालचे रोलर आडवे सरकून बाहेर येतात. वरची कॅप उचलली की वरचा रोलर सरळ क्रेनला. त्या कॅपवरचा सगळा ताण चौकटीतून आरपार गेलेले लांबलचक किंगबोल्ट घेतात. पुढं किंगबोल्ट नसलेल्या चौकटी आल्या. त्यांत कॅप पिना किंवा पाचरींनी अडकवतात. पुस्तकात या फरकावर ताणाची गणितं आहेत. बाबांचं उत्तर वेगळं होतं: पाच महिने उसाच्या आंबट रसात न्हालेला नट सोडवणं आणि पिन ठोकून काढणं, यात फिटरची एक पाळी वाचते.

इतका विचार झालेल्या यंत्राच्या शेजारीच, त्याच शेडमध्ये, अजिबात विचार न झालेली यंत्रं असतात.

ऊस ठेचणाऱ्या फायबरायझरचं उदाहरण घ्या. फिरत्या चकत्यांमधून लांब रॉड ओवलेले असतात आणि त्या रॉडवर हातोडे लोंबतात. हातोडे झिजले की बदलायचे, आणि त्यासाठी रॉड बाजूनं ओढून काढायचा. म्हणजे यंत्राच्या बाजूला निदान रॉडच्या लांबीइतकी मोकळी जागा हवी. एका कारखान्यात त्या बाजूला हातभर अंतरावर विटांची भिंत होती. यंत्राच्या ड्रॉइंगमध्ये भिंत नव्हती आणि भिंतीच्या ड्रॉइंगमध्ये रॉड नव्हता. दोन हंगाम लोकांनी रॉड गॅस कटरनं कापून तुकड्यातुकड्यानं काढला आणि दर वेळी नवा बनवून घेतला. शेवटी बाबांनी आणि एका गवंड्यानं रॉडच्या रेषेत भिंतीला भोकं पाडली आणि वरून पत्र्याचं झाकण लावलं. बाबांनी आयुष्यात केलेल्या सगळ्या कामांत त्यांना या भोकांचा सगळ्यात जास्त अभिमान आहे. "काहून का," ते म्हणतात, "त्या रॉडला तिथूनच निंगायचं होतं ना बापा. आम्ही फक्त त्याचं आयकलं."

दुसरं उदाहरण बाबांच्या डाव्या हातावर आहे. बेअरिंगच्या वरच्या भागाला उचलायला डोळा नव्हता. डोळा म्हणजे आय बोल्ट, हूक अडकवायची कडी. गुळगुळीत ओतीव लोखंड, वर तेल. दोराची फास घालून चैनपुलीनं उचलताना फास सरकली आणि करंगळीजवळच्या बोटाचं टोक गेलं. मी तेव्हा सहावीत होतो. कारखान्यातल्या कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. कुणीतरी दूर कुठंतरी बसून त्या भागाचं चित्र काढलं होतं, आणि त्या चित्रात तो भाग आयुष्यभर जागेवर बसूनच राहणार होता. एक आटे पाडलेलं भोक, एवढंच कमी होतं.

पुढं नोकरीत मला याचं गणित भेटलं. यंत्र किती वेळ हाताशी असतं, हे दोन आकड्यांवर ठरतं: दोन बिघाडांमध्ये ते किती तास चालतं, आणि बिघडल्यावर किती तासांत उभं राहतं. समजा १०० तास चालून १० तास बंद. म्हणजे ते साधारण ९१ टक्के वेळ हाताशी आहे. आता दोन वाटा आहेत. भाग दुप्पट टिकाऊ करा, म्हणजे २०० तास चाल आणि १० तास बंद: ९५ टक्के. किंवा भाग तोच ठेवा आणि दुरुस्ती ५ तासांवर आणा. उत्तर तेवढंच येतं, ९५ टक्के. पहिल्या वाटेला महाग पोलाद लागतं. दुसरीला बऱ्याचदा एक झाकण, दोन डोळे आणि पाना फिरवायला वीतभर जागा लागते. तरी ड्रॉइंगवर भांडण नेहमी पोलादाचंच होतं.

आणि बंद तासाची किंमत कारखान्याच्या आतच संपत नाही. दिवसाला २५०० टन गाळणारी मिल तासाला शंभर टनांहून जास्त ऊस खाते. बैलगाडीत दोन टन धरला तर पन्नासेक गाड्या. मिल तासभर बंद म्हणजे तेवढ्या गाड्या रस्त्यावर, बैल जुंपलेले, ऊसतोड कामगाराची बाई लेकरू घेऊन गाडीखाली सावलीत बसलेली. तोडलेल्या उसाचं वजन घटत जातं आणि त्यातली साखर मोडत जाते. ती नंतर कुठलीही मिल पिळून काढू शकत नाही. फिटरच्या मागं उभे राहून "किती वेळ?" विचारणारे जे आवाज असतात, ते या रांगेचे असतात. बोटं अशाच वेळी जातात.

उसापुरतीच ही गोष्ट नाही. उमरखेडहून कुठल्याही दिशेला गेलात तर काळा पाषाण फोडणारे गिट्टी क्रशर दिसतात. त्यांच्यातला जबड्याचा क्रशर ज्याच्या नावानं ओळखला जातो तो एली व्हिटनी ब्लेक. अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये खडीचा रस्ता करताना दगड हातानं फोडण्याला कंटाळून त्यानं हे यंत्र काढलं आणि १८५८ मध्ये पेटंट घेतलं. कापसाच्या मुलखातल्या माणसाला यात एक गंमत आहे. सरकी वेगळी करणाऱ्या कॉटन जिनचं १७९४ चं पेटंट ज्याचं, तो एली व्हिटनी या ब्लेकचा मामा. एकाच मापाचे, एकमेकांच्या जागी बसणारे सुटे भाग बनवायच्या कल्पनेशीही त्या मामाचं नाव जोडलं जातं, आणि भाचा त्याच्याच बंदुकांच्या कारखान्यात तयार झाला.

जबड्याच्या क्रशरमध्ये मागं टॉगल नावाची एक पट्टी असते. ती मुद्दाम कच्ची ठेवतात. दगडाबरोबर लोखंड आत गेलं तर ती तुटते आणि बाकीचं यंत्र वाचतं. म्हणजे कुठं मोडायचं हे आधीच ठरवलेलं, आणि मोडलं तर काय बदलायचं तेही. जबड्याच्या प्लेटा बऱ्याचदा खालीवर सारख्या असतात. खालची बाजू जास्त झिजते, मग प्लेट उलटी करून लावायची, तिचं आयुष्य वाढतं.

आमच्या घरी आजीचं जातं आहे, अजून. त्यात बोल्ट नाही, झाकण नाही. वरची तळी खुंट्यावरून उचलली की यंत्र खोललं. दगड गुळगुळीत झाले की टाकी लावणारी दारावर यायची, छिन्नीनं टाके घालायची, अर्ध्या तासात जातं पुन्हा दळायला लागायचं. हे यंत्र दुरुस्त करायला ते बनवणाऱ्याकडे परत पाठवावं लागत नसे.

अर्थात मी फुकटचं काही मागत नाहीये, आणि बाबाही मागत नाहीत. खोलता येणारा प्रत्येक जोड म्हणजे एक कच्ची जागा. तिथून तेल गळतं, तिथं नट ढिला होतो. अखंड ओतलेली चौकट दोन तुकड्यांच्या चौकटीपेक्षा मजबूत असते. नवीन मिलमध्ये प्रत्येक रोलरच्या टोकाला स्वतःचा ड्राइव्ह बसवतात. त्यानं पिनियन आणि भलेमोठे गिअर गेले, देखभाल कमी झाली. पण रोलर काढायचा तर आधी तो ड्राइव्ह उतरवायला हवा. म्हणून कुठला भाग किती वेळा बाहेर येणार, हे आधी लिहून काढावं लागतं. आठवड्याला निघणाऱ्या भागाला हातानं फिरवायचे नट, वर्षाला निघणाऱ्याला क्रेनची वाट, वीस वर्षांत एकदा निघणाऱ्याला गॅस कटर चालेल. घट्ट बसलेल्या भागाला मागून ढकलायला जॅकिंग बोल्टची दोन भोकं असली तर घण उचलावा लागत नाही. बेअरिंगचं घर दोन फाकांचं असलं तर अख्खा शाफ्ट न काढता बेअरिंग पाहता येतं. यातलं काहीच नवीन नाही. हे सगळं फिटरला माहीत असतं, आणि ड्रॉइंग मंजूर होताना त्या खोलीत फिटर नसतो.

माझं काम सर्व्हरवरचं आहे, तिथं बोट जात नाही. पण रात्री अडीचला फोन वाजतो आणि तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी कोडपुढं एखादी पोरगी एकटी बसलेली असते. लॉग कुठं आहेत ते लिहिलेलं नाही, एक भाग बंद करायचा तर पाच बंद होतात. भिंत आणि रॉड तेच.

गेल्या वर्षापासून आमच्या टीमच्या डिझाईन डॉक्युमेंटमध्ये मी एक प्रश्न घातला आहे: हे बंद पडलं तर कोण खोलणार, आणि तेव्हा त्याच्या हाताशी काय असेल? सुरुवातीला सगळे तिथं 'सपोर्ट टीम' एवढंच लिहायचे. मग मी त्यांना भिंतीतल्या भोकांचा फोटो दाखवला. बाबांनीच पाठवलाय, व्हॉट्सअ‍ॅपवर, पत्र्याचं झाकण बाजूला सारून. भोकातून रॉड अर्धा बाहेर आलाय आणि मागं कुणाची तरी सायकल टेकवलेली दिसते. आता त्या रकान्यात माणसांची नावं येतात, वेळ येते, आणि कधीकधी "आधी त्यांना विचारून घेतो" असंही येतं.